समर्पण कुणाला, आणि कशाचे?

कन्व्हेन्शनची शेवटची रात्र. नगर असो, सोलापूर असो की मुंबईचे एखादे उपनगर, मांडवातला क्रम बहुधा ठरलेला असतो. संदेश संपत आला की पेटीवर हळू सूर धरला जातो, वक्ते आवाज खाली आणतात आणि सांगतात, ज्यांना आज आपले सगळे जीवन प्रभूच्या हाती द्यायचे आहे त्यांनी उठून पुढे यावे. माणसे उठतात. काहींना रडू कोसळते. त्यांतली काही मागच्या वर्षीही उठली होती, हे पाळकांना ठाऊक असते आणि मागच्या रांगेतल्या बायकांना तर त्याहून जास्त ठाऊक असते. वसईकडच्या कॅथलिक धर्मग्रामांत रिट्रीटच्या अखेरच्या दिवशी, पापनिवेदनानंतर, साधारण हेच घडते. फक्त पेटीच्या जागी कीबोर्ड आणि पाळकांच्या जागी फादर.

दरवर्षी उठणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. जो प्रश्न त्यांना उठवतो तो ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे आणि आजवर कुणी तो निकालात काढलेला नाही. पूर्ण समर्पण एकदा करायचे असते की रोज? त्यात बुद्धीचे, शंकेचे काय करायचे? आणि विश्वास जिवंत आहे हे ओळखायचे कशावरून: मनात दाटून येणाऱ्या भावनेवरून, की हातून होणाऱ्या कामावरून? आणखी एक प्रश्न आहे, तो व्यासपीठावरून सहसा विचारला जात नाही. देवाला म्हणून जे देतो, ते प्रत्यक्षात कुणाच्या ताब्यात जाते?

शास्त्रापासून सुरुवात करू. आपले शरीर जिवंत यज्ञ म्हणून देवाला अर्पण करा, हे पौलाचे रोमकरांस पत्रातले वचन समर्पणाच्या प्रत्येक संदेशात येते. ते बाराव्या अध्यायात येते, म्हणजे आधी अकरा अध्याय देवाच्या कृपेविषयी सांगून झाल्यावर, हे मात्र क्वचित सांगितले जाते. त्याच्या लगेच पुढच्या वचनात मनाच्या नवीकरणाची आणि देवाची इच्छा काय ते पारखून घेण्याची गोष्ट आहे, हे तर त्याहून क्वचित. पारखायला डोके लागते. दुसरीकडे याकोबाचे पत्र बजावते की कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. हे पत्र मार्टिन ल्यूथरला इतके खटकले की १५२२ च्या आपल्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताकाडीचे पत्र ठरवले. पण त्याच ल्यूथरने त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत विश्वासाचे वर्णन केले ते सत्कर्म केल्यावाचून राहूच न शकणारी जिवंत, धडपडी गोष्ट असे. दोघांचे भांडण वाटते तेवढे खोल नाही.

माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात बोलका उतारा वेगळाच आहे, आणि तो भीती घालण्यासाठी वापरून वापरून बोथट झाला आहे. प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय. हनन्या आणि सप्पीरा हे जोडपे जमीन विकते, काही पैसा मागे ठेवते आणि सगळा आणला असे भासवून प्रेषितांच्या पायांशी ठेवते. दोघेही मरून पडतात. यावरून ‘हात आखडता घेऊ नका’ असा बोध काढला जातो, आणि तो पुष्कळदा दान गोळा करण्याच्या आधीच काढला जातो. पण पेत्र हनन्याला म्हणतो काय? जमीन विकली नव्हती तोवर ती तुझीच होती; विकल्यावरही पैसा तुझ्याच हाती होता. म्हणजे देण्याची सक्ती नव्हती आणि सगळे देण्याची तर नव्हतीच. दोष लबाडीचा होता, अर्धे देऊन पूर्ण दिल्याचे सोंग आणण्याचा. समर्पणाचा पूर्णपणा रकमेवर मोजता येत नाही, हे पेत्राने पहिल्या मंडळीतच सांगून ठेवले आहे.

पुढच्या शतकांत या प्रश्नाला पंथागणिक वेगळी वळणे मिळाली. कॅथलिक परंपरेने समर्पणाला व्रताची चौकट दिली: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. इग्नेशियस लोयोलाच्या साधनाग्रंथाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात स्वातंत्र्य, स्मृती, बुद्धी आणि इच्छा हे सगळे देवाच्या स्वाधीन करण्याची प्रार्थना आहे. जॉन वेस्लीने १७५५ पासून कराराच्या नवीकरणाची उपासना रूढ केली. मेथडिस्ट मंडळ्या ती आजही बहुधा नव्या वर्षाच्या आरंभी करतात. म्हणजे वेस्लीने दरवर्षी उठण्याची सोयच करून ठेवली, असे गमतीने म्हणता येईल. १८७५ मध्ये इंग्लंडमधल्या केसिक या गावी वार्षिक मेळावा सुरू झाला. तारण झाल्यानंतरही एका निर्णायक क्षणी सर्वस्व सोपवावे लागते आणि मग पापावर विजय मिळवणारे जीवन सुरू होते, ही तिथली शिकवण. आपल्या कन्व्हेन्शनची बरीचशी भाषा तिथून आली आहे. तिला विरोधही लगेच झाला. जे. सी. राइल या अँग्लिकन धर्मोपदेशकाने १८७७ मध्ये पवित्रतेवरचे पुस्तक काढले आणि विचारले, पौल तर अखेरपर्यंत झुंजत राहिला, मग हा एका रात्रीतला विजय शास्त्रात आहे कुठे? हा वाद अजून मिटलेला नाही. राइलची बाजू मला जास्त पटते. पण केसिकने शेकडो माणसांना घराबाहेर काढून जगभर कामाला लावले, हेही खरे, आणि राइलच्या युक्तिवादाने तसे फारसे कुणी उठले नाही.

आता महाराष्ट्राकडे येऊ. इथल्या चार-पाच माणसांनी या प्रश्नाची उत्तरे जगून दिली आहेत.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्या वेळी त्या पंचविशीत होत्या. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, पती गेलेला, कडेवर लेक मनोरमा. परक्या देशात, सिस्टर्सच्या आश्रयाला असलेली अशी बाई मुकाट्याने सांगितले ते ऐकेल, अशी तिथल्या मंडळींची अपेक्षा असावी. ती लवकरच मोडली. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेले पुडिंगसुद्धा त्यांनी नाकारले. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत असे सिस्टर्सना वाटत होते. रमाबाईंनी संस्कृतचा आग्रह धरला, कारण आपल्या बायकांना लॅटिन कळणार नाही आणि ती भाषा संस्कृतहून पवित्र आहे असे मानायचे काही कारण नाही. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांनी त्यांना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचे सुचवले, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाई संतापल्या आणि ते त्यांनी पत्रांत उघड लिहिले. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या बीलबाईंशी पानेच्या पाने वाद घालत होत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. हा सगळा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली इंग्रजीत प्रसिद्ध केला आहे. ज्यांना समर्पण म्हणजे मान खाली घालणे वाटते त्यांनी तो जरूर वाचावा.

याच रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत कबूल केले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त मात्र नव्हता. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती पडले. व्यासपीठावर प्रवचन करता करता स्वतःचेच परिवर्तन झालेला हा माणूस. ते वाचून रमाबाईंना आपली उणीव दिसली. १८९५ मध्ये लोणावळ्याच्या शिबिराला त्या गेल्या, १८९८ मध्ये खुद्द केसिकला. जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांची चरित्रे वाचली. ब्रिस्टलच्या म्यूलरने कुणापाशी पैसा न मागता, केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवून सुमारे दहा हजार अनाथ मुले वाढवली होती. हे आपल्या देशात का होणार नाही, हा प्रश्न रमाबाईंना पडला. त्यांच्याजवळ विश्वासात आलेल्या १५ मुली होत्या. त्या संख्येचा वर्ग करून त्यांनी देवाकडे २२५ मागितल्या. लवकरच १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि मध्य प्रांतातून उपाशी मुली, बायका केडगावला येऊ लागल्या. १९०० च्या दुष्काळापर्यंत तिथल्या त्यांच्या ‘मुक्ती’ या आश्रमात दीड-दोन हजार जणी होत्या.

गणिती प्रार्थनेची ही गोष्ट ऐकून नाक मुरडणारे असतील. माझे लक्ष पुढे काय झाले याकडे जाते. देव देईल म्हणून रमाबाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. विहिरी खोदल्या, शेती केली, तेलघाणा, माग, गोठा, छापखाना उभा केला, मुलींना अक्षरजुळणी शिकवली. विश्वासाच्या बळावर चालणाऱ्या या संस्थेत दुपारी रिकामे हात दिसत नसत.

आणि मग १९०५. वेल्समधल्या आध्यात्मिक जागृतीच्या बातम्या आल्यावर रमाबाईंनी जानेवारीत मुलींना प्रार्थनेसाठी बोलावले. आरंभी ७० जणी आल्या. जूनपर्यंत ५५० जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनच्या अखेरीस मुक्तीत जे उसळले त्याची वर्णने आजही चक्रावून टाकतात: मोठमोठ्याने रडणे, उघड पापकबुली, अंगाला आग लागल्याचा अनुभव, एकाच वेळी शेकडो आवाजांत प्रार्थना. टीका झाली, पण रमाबाईंनी ते दाबून टाकले नाही. त्यांच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी यावर पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या मिशनरी मैत्रिणीच्या हाती पडली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या उगमाशी तिचे नाव जोडले गेले. केडगावचे लोण दक्षिण अमेरिकेपर्यंत गेले, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत नाही आणि बऱ्याच मंडळ्यांनाही ठाऊक नाही.

भावनेचा हा पूर ओसरल्यावर काय उरले? रमाबाईंच्या बाबतीत उत्तर साधे आहे: हिब्रू आणि ग्रीकचे व्याकरण. मूळ भाषांवरून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल करण्याचे काम त्यांनी सुमारे दीड तप चालवले. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. त्या दुःखातही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झालेले होते. ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून निघाला.

रमाबाईंशी पुण्यात धर्मचर्चा केलेले नेहेम्या गोरे याच प्रश्नाचे दुसरे टोक दाखवतात. काशीतले हे चित्पावन पंडित. मिशनऱ्यांचे खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन बसले. षड्दर्शनांची चिकित्सा करणारा त्यांचा ग्रंथ विख्यात आहे. राहणी फकिराची. पण शंकांनी त्यांचा पिच्छा कधीच सोडला नाही. काउली फादर्स या अँग्लिकन व्रतस्थांच्या संघात ते वर्षानुवर्षे उमेदवार राहिले. कायमची व्रते मात्र त्यांनी घेतली नाहीत. १८९५ मध्ये ते वारले तोवर मनातली घालमेल चालूच होती. कन्व्हेन्शनच्या मोजपट्टीने गोरे नापास ठरतील. घर, जात, नाव, मान सगळे सोडलेल्या माणसाचे समर्पण अपुरे म्हणायचे, तर मग पुरे कुणाचे? गंमत म्हणजे त्यांची मुलगी एलन लक्ष्मी गोरे हिचे प्रभूच्या सान्निध्यातल्या विसाव्याविषयीचे इंग्रजी गीत शांत, निःशंक विश्वासाचा नमुना म्हणून दूरदूरच्या मंडळ्यांत गायले गेले. बापाला जी शांती लाभली नाही ती लेकीने गायली.

शंका म्हणजे अविश्वास, हे समीकरण गोऱ्यांनी खोटे ठरवले. त्याला दुजोरा पुढे भलत्याच ठिकाणाहून मिळाला. मदर तेरेसांनी १९४२ मध्ये देवाला काहीही नाकारणार नाही असा खासगी नवस केला होता. त्यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की कोलकात्यातले काम सुरू केल्यापासून जवळजवळ अखेरपर्यंत त्यांना देवाचे सान्निध्य जाणवतच नव्हते. आत अंधार, आणि पहाटे उठून काम चालू.

नारायण वामन टिळकांची वाट निराळी. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा, नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम, ‘ज्ञानोदया’चे संपादन. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडले, भगवी वस्त्रे धरली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त सामील होऊ शकत. मिशनला ते पचणे अवघड होते. टिळकांच्या लेखी समर्पण देवाला होते. अमेरिकेतल्या मंडळाला कधीच नव्हते. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ ला ते गेले.

पण या समर्पणाची किंमत कुणी मोजली? टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन मागे राहिल्या, नातेवाइकांच्या आधाराने, लोकांची बोलणी खात. ताटातुटीनंतर त्या नगरला आल्या त्या सोवळे सांभाळूनच. जातीची गाठ त्यांनी स्वतःच्या डोक्याने, स्वतःच्या वेळी सोडवली आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे समर्पित माणसाबरोबर संसार करणे म्हणजे काय याचे मराठीतले सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे, आणि सर्वांत विनोदीही. नवरा सर्वस्व वाटून टाकतो तेव्हा चूल कशी पेटते, हे धर्मशास्त्राच्या कुठल्याच ग्रंथात सापडणार नाही. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ नंतर पुरे केले ते याच बाईंनी.

वसईच्या गोन्सालो गार्सियाकडेही याच नजरेने पाहावे. जेझुइटांबरोबर तो जपानला गेला, त्यांच्या संघात प्रवेश हवा होता, तो मिळाला नाही. मग मकावला व्यापार केला, पैसा मिळवला, अखेर मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत इतर २५ जणांबरोबर क्रूसावर मेला आणि १८६२ मध्ये संत ठरला. समर्पण करायला निघालेल्याला संस्थेने आधी दार लावले होते, ही गोष्ट सणाच्या प्रवचनात सहसा येत नाही.

हे झाले नावाजलेल्यांचे. नगर, औरंगाबाद, जालना भागातल्या खेड्यांत महार-मांग वाड्यांतून ख्रिस्ती झालेल्या हजारोंची नावे कुठे नाहीत. दुष्काळात पोटासाठी बाटले, हा शिक्का त्यांच्यावर बसला. काही जण त्यासाठी आलेही असतील. भुकेल्याने भाकरी देणाऱ्याचा देव विचारला तर त्यात लाजण्यासारखे काय? पण दुष्काळ सरल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या जे टिकले त्यांना या शिक्क्याने समजावता येत नाही. त्यांच्या समर्पणाला कायद्यानेही किंमत लावली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूंखेरीज इतरांना सवलतींतून वगळले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणून अनेक घरांत दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा अशी अवस्था आहे. व्यासपीठावरून यांना अर्धवट मनाचे म्हणणे सोपे आहे. मला ते म्हणवत नाही. पोराच्या फीसाठी जी कसरत करावी लागते तिचा दोष आधी आदेशाकडे जातो, मग त्या बापाकडे.

आता आजचे दुखणे. समर्पणाच्या नावाखाली घडणाऱ्या गोष्टी कानावर येतात: प्रभूवर भरवसा असेल तर गोळ्या बंद कर, मारणाऱ्या नवऱ्याच्या अधीन राहणे हेच तुझे समर्पण, विश्वासाचे बी म्हणून पगार पेर, पाळकाला प्रश्न विचारणे म्हणजे अभिषिक्ताविरुद्ध बंड. हे सगळीकडे आहे असे मुळीच नाही. साधे, कष्टाळू पाळक पुष्कळ आहेत. पण जिथे हे आहे तिथे देवाला दिलेली वस्तू वाटेत माणसाने ठेवून घेतलेली असते. रमाबाईंनी बिशपांना ऐकवले, टिळकांनी मिशनचा पगार सोडला, लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या मागे डोळे मिटून जायचे नाकारले. देवापुढे सगळ्यात जास्त वाकलेली ही माणसे माणसांपुढे सगळ्यात ताठ होती. मराठी ख्रिस्ती इतिहासातून मला दिसते ते हेच, आणि हा निव्वळ योगायोग नसावा.

डीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ मध्ये शिष्यत्वावरच्या पुस्तकात स्वस्त कृपेवर कोरडे ओढले. येशूमागे जायचे तर सगळे सोडावे लागते, असा त्याचा कडक सूर. पण २१ जुलै १९४४ ला, हिटलरवरचा हल्ला फसल्याच्या दुसऱ्या दिवशी, तुरुंगातून त्याने मित्राला लिहिले की पवित्र जीवन जगण्याचा खटाटोप करून विश्वास मिळवता येईल असे तेव्हा आपल्याला वाटत होते. त्या पुस्तकातले धोके आता दिसतात, तरी त्यामागे आपण उभे आहोत. विश्वास शिकायचा तो या जगातल्या कर्तव्यांत, अडचणींत, यशापयशात पुरते शिरून, असे तो सांगतो. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी झाली. केसिक आणि राइल यांच्या वादात मला सापडलेले सर्वांत समंजस उत्तर हे आहे.

म्हणून मंडळ्यांच्या पंचांना आणि धर्मग्रामांच्या समित्यांना एक विनंती. पुढच्या कन्व्हेन्शनला लोकांना पुढे बोलवाल तेव्हा कृत्यांच्या पाचव्या अध्यायातले चौथे वचनही मोठ्याने वाचा, म्हणजे न देण्याची मोकळीक आहे हे ऐकणाऱ्याला कळेल. दानाचा हिशेब मंडळीपुढे मांडा. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या वक्त्याला पुन्हा बोलावू नका. आणि बक्षीस म्हणून भिंतीवरची वचने वाटण्याऐवजी एखाद्या वर्षी मुलामुलींच्या हाती ‘स्मृतिचित्रे’ द्या.